डेअरीच्या कम्प्युटरवरची गाडी

दसरा होऊन एक रात्र उलटली होती. दारावरच्या तोरणातला झेंडू अजून ताजा होता. शुभांगीच्या तव्यावर बाजरीची भाकरी फुगत होती, मुलाचा, पार्थचा, डबा भरायचा राहिला होता आणि तिच्या सासूबाई, छबूबाई, उंबऱ्यात बसून बशीतला चहा फुंकत होत्या. रोजची सकाळ. पहाटे सासरे पुढं जाऊन डेअरी उघडायचे, कम्प्युटर चालू करायचे, आणि भाकरी आटोपली की शुभांगी जाऊन दूध घ्यायला बसायची.

तेवढ्यात दाराची कडी वाजली.

सकाळच्या वेळी त्या गावात कडी कोणी वाजवत नाही. दार उघडंच असतं. माणूस सरळ आत येतो, "हाय का चहा?" म्हणतो आणि टेकतो. कडी वाजली तेव्हाच शुभांगीच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय.

दारात शेजारचे कारभारी उभे होते. सासऱ्यांच्या वयाचे, तोंडाने फटकळ, पण आत्ता नजर तिच्यावर न ठेवता तोरणाकडे बघत बोलत होते.

"सूनबाई, डेअरीवर ये बरं जरा. कम्प्युटर चालू हुईना. नुसता पीं पीं वरडतोय. रांग लागलीय तिकडं."

"येते. भाकरी उतरवते आणि येते."

"अन् आजून एक," कारभारी चपलेने माती उकरत म्हणाले, "चेरमन म्हनत्यात, तुज्या त्या गाडीनं बिगडला. आदीच सांगतो, नायतर तिथं गेल्यावर म्हनशील, कारभारीमामा बोलले न्हाईत."

शुभांगीच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. भाकरी करपली. छबूबाई म्हणाल्या, "आगं, तवा!" पण तिने गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि निघाली.

ही गाडी म्हणजे काय, ते गावात सगळ्यांना ऐकून माहीत होतं आणि बघून कोणालाच माहीत नव्हतं.

शुभांगी मूळची जामखेडची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, त्यामुळे घरात पान्यांची खणखण आणि ग्रीसचा वास लहानपणापासून. मुलीनेही नगरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा धरला. शेवटच्या वर्षाला स्थळ आलं, मुलगा सुप्याच्या एमआयडीसीत परमनंट होता, आणि 'राहिलेलं तिकडं जाऊन पूर्ण कर' असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. तिकडं म्हणजे पारनेर तालुक्यातल्या या गावात आल्यावर तिने पूर्ण केले ते गल्लीतल्या मिक्सरचे वायंडिंग, शाळेची घंटा, आणि छबूबाईंचा रेडिओ. पार्थ शाळेत जायला लागला तेव्हा तिने हट्टाने कॉलेजात पुन्हा नाव घातलं. अभ्यासक्रम बदललेला होता. वर्गातली पोरं तिला मॅडम म्हणत आणि शेजारी बसायला कचरत.

शेवटच्या सत्राला प्रात्यक्षिकात होती रेघेवरून चालणारी गाडी. दोन चाकं, दोन मोटारी, पोटाखाली जमिनीकडे बघणारे सेन्सर, आणि या सगळ्यांना हुकूम देणारा बोटाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे गाडीचा मेंदू. गाडीने आपली आपण काळी रेघ ओळखून तिच्यावरून चालायचं. पण खरी गाडी हातात मिळणार नव्हती. आधी ती कम्प्युटरवर जशीच्या तशी उभी करायची, मेंदूत प्रोग्राम भरायचा आणि पडद्यावरच्या रस्त्यावर चालवून दाखवायची. यालाच सिम्युलेशन म्हणतात. बाहेरून येणारे परीक्षक रस्ता बदलून बघणार, गाडी कुठं चुकते ते विचारणार. पाठ करून भागण्यासारखं नव्हतं.

घरात कम्प्युटर नव्हता. गावात होते दोन, ग्रामपंचायतीतला कायम कामात आणि दुसरा दूध संस्थेच्या डेअरीत. सकाळचं दूध झालं की संध्याकाळच्या दुधापर्यंत तो फडक्याखाली झोपलेला असायचा. पूर्वी त्यावर बसणारा माणूस पुण्याला निघून गेला, तेव्हा 'सूनबाईंना येतं की' म्हणून ते काम शुभांगीकडे आलं. सासरे रंगनाथ संस्थेचे सचिव. त्यांनीच तिला बसवलं आणि दुपारी अभ्यासाला बसायलाही त्यांनीच सांगितलं. डेअरीची किल्ली त्यांच्या कमरेला असायची, जेवण झालं की ते स्वतः येऊन दार उघडून द्यायचे.

सुरुवातीला गाडी काही केल्या रेघेवर राहीना. प्रोग्राम पुस्तकातल्याप्रमाणे, जोडणी बरोबर, आणि तरीही गाडी सोडली की रेघेजवळ यायची आणि अंगावर पाल पडल्यासारखी उडी मारून लांब पळायची. शुभांगीने मोटारीच्या तारा बदलून पाहिल्या, सेन्सर मागंपुढं केले, प्रोग्राम पुसून नव्याने लिहिला. कितीतरी दुपारी यात गेल्या. एके सकाळी अंगणात सडा टाकून ती रांगोळीची पहिली रेघ ओढत होती आणि तिथंच थांबली. पडद्यावरचा रस्ताही तिने असाच काढला होता. तपकिरी जमीन, त्यावर पांढरी रेघ. रेघ म्हटली की तिच्या डोळ्यांपुढं रांगोळीच यायची, दुसरी कुठली येणार? आणि पुस्तकातला प्रोग्राम होता पांढऱ्या जमिनीवरच्या काळ्या रेघेचा. पांढऱ्यावरून उजेड परत येतो, काळ्यावरून येत नाही. बिचारी गाडी सांगितलेलं इमानाने करत होती. दिसला उजेड की पळ!

त्या दिवशी ती रांगोळी अर्धवट टाकून हसत बसली, आणि छबूबाईंना वाटलं सुनेला काहीतरी लागिर झालं.

तिने जमीन पांढरी आणि रेघ काळी केली. पुढची अडचण वळणाची. सरळ रेघेवर गाडी छान, वळण आलं की बाहेर. एका दुपारी रंगनाथ दार उघडून द्यायला आले ते तिच्या मागं उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वळताना काय करती ही?"

"आतल्या बाजूचं चाक थांबवते मामा, बाहेरचं चालू ठेवते." सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"चुकतंय तुजं. नांगरटीत तास संपल्यावर औत वळवताना आतला बैल थांबवला की बाहेरचा वढून नेतो समदं. थांबवायचा न्हाई. नुसता आवरायचा, चालता ठिवायचा."

शुभांगीने आतलं चाक थांबवायच्या ऐवजी हळू केलं. गाडी वळणावरून अशी गेली की रंगनाथांनी मांडीवर थाप मारली. "आयला! गेली की गं!" त्यानंतर जेवण झाल्यावर ते पडायचे नाहीत, स्टूल घेऊन तिच्या शेजारी बसायचे. "घाल की जरा आवघड वळण," असं सांगायचे.

म्हणून तर आज डेअरीच्या वाटेवर चालताना तिचा राग अजून पुरता चढला नव्हता. तिला वाटत होतं, तिथं मामा आहेत. मामांनी सांगितलं असेल.

डेअरीपुढं कॅन घेऊन गाव उभं होतं. आतून कम्प्युटरचा पीं पीं आवाज येत होता, न थांबता. संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब पांढऱ्या कपड्यांत दारातच उभे होते आणि रंगनाथ त्यांच्या मागं, कॅनच्या झाकणांशी काहीतरी करत.

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "काय वहिनी, तुमच्या गाडीनं कम्प्युटरचं पेट्रोल संपवलं व्हय?"

रांग हसली. कारभारी म्हणाले, "आरं हासू नका. ती गाडी रेघंवरनं चालती म्हनं. आमचं बेनं डांबरी रस्त्यावरनंबी नीट चालत न्हाई." पुन्हा हसली.

आप्पासाहेब हसले नाहीत. "सूनबाई," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही संस्थेची वस्तू हाय. गावाच्या दुधाची. हितं खेळ खेळायचा नसतो. काल सणाच्या दिवशीबी दुपारी बसला हुता म्हनं."

"खेळ नाही आप्पा, सोमवारी परीक्षा आहे माझी. मामांना..." ती रंगनाथांकडे वळली.

रंगनाथांनी एका कॅनचं झाकण काढलं, आत बघितलं आणि परत लावलं. त्यांनी मान वर केली नाही.

शुभांगीला आधी वाटलं, त्यांना ऐकू गेलं नसेल. मग कळलं की गेलंय. तेव्हा मात्र तिच्या कानशिलांतून असा जाळ निघाला की रांग, कॅन, आप्पासाहेबांची टोपी, सगळं क्षणभर पांढरंफट दिसलं. रोज सकाळ-संध्याकाळ ती या खुर्चीत बसते, थंडीत बोटं बधिर होईपर्यंत प्रत्येकाचं लिटर आणि फॅट टाकते, कोणाचं चुकलं तर शिव्या खाते. त्याला कोणी काम म्हटलं नाही, पगार दिला नाही, ठीक. पण दुपारच्या दोन तासांना गावाने लगेच नाव शोधून काढलं. खेळ! आणि ज्या माणसाने स्टूल आणून शेजारी बसून वळणं घालायला लावली, तो झाकणं मोजतोय.

ती आत गेली. बटण दाबून कम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. पीं पीं. कीबोर्डवर हात ठेवला आणि हात चिकटला.

तिने कीबोर्ड उचलून पालथा केला. कडेने गुलाबी पाण्याचा ओघळ टेबलावर आला. बटणांच्या मधल्या फटींत कुंकवाचा चिखल, दोन अक्षता, आणि बटणांची एक अख्खी ओळ आत रुतून बसलेली. काल संध्याकाळचं दूध झाल्यावर डेअरीत यंत्रांची पूजा झाली होती. दरसाल होते. बायका मागं चहा गाळत होत्या, शुभांगीही त्यांच्यात. इकडं नारळ फुटला, आणि काट्यावर, फॅटच्या मशिनवर, कम्प्युटरवर भरभरून पाणी शिंपडलं गेलं.

"हे कोणी ओतलं?" शुभांगी कीबोर्ड तसाच ओघळत्या अवस्थेत घेऊन दारात आली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "कीबोर्डवर नारळाचं पाणी कोणी ओतलं?"

रांगेतल्या काहींनी आप्पासाहेबांकडे बघितलं आणि लगेच आपापल्या कॅनकडे.

"ओतलं काय म्हनता, ओतलं?" आप्पासाहेबांचा चेहरा लाल झाला. "शिंपडलं. देवाचं पानी हाय ते. दरसाल शिंपडतो. देवाच्या पान्यानं कुटं मशीन बिगडतंय?"

"बिघडलंय ना. हे बघा, हात लावून बघा चिकटतंय का."

"सूनबाई, तोंड सांभाळून बोला."

"मी सांभाळूनच बोलतेय आप्पा. बिघडलं की माझ्या अभ्यासाने बिघडतं, आणि सापडलं की देवाचं पाणी!"

तेवढ्यात रस्त्यावर टँकरने हॉर्न दिला. दूध न्यायला गाडी आली होती आणि इथं थेंब मोजला नव्हता. कारभारी म्हणाले, "भांडा नंतर, दूध नासंल," आणि स्वतःच तुरुतुरु ग्रामपंचायतीत जाऊन तिथला कीबोर्ड काखेत मारून आले. शुभांगीने तो जोडला. पीं पीं थांबलं. पडदा उजळला. ती खुर्चीत बसली आणि रांग पुढं सरकली. नाव, लिटर, फॅट. पुढचा. नाव, लिटर, फॅट. मान वर न करता तिने सगळं दूध घेतलं. मघाशी पेट्रोलचा विनोद केलेला माणूस समोर आला तेव्हा त्याने हळूच "वहिनी, चिडला का?" विचारलं. तिने फक्त आकडा सांगितला.

टँकर गेला. गर्दी पांगत असताना आप्पासाहेब दारात थांबले. "झालं चालू, बरं झालं. पन आजपास्नं दुपारचं बसनं बंद. मशीन संस्थेची हाय, उगं रिस्क नको. काय रंगनाथराव?"

"व्हय," रंगनाथ म्हणाले. "बरुबर हाय."

घरी आल्यावर भांड्यांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. छबूबाई काही वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "भांड्यांनी काय केलंय तुजं? ज्यानं केलंय त्याला आदळ की."

शुभांगीने सुप्याला नवऱ्याला फोन लावला. नितीन शिफ्टवर होता, मागं यंत्रांचा गोंगाट. त्याने सगळं ऐकून घेतलं. "मी पप्पांना काय सांगू? चेअरमनशी त्यांचं रोजचं. तू जरा दमानं घे ना."

"लग्न झाल्यापासून दमानंच घेतलंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवार डोक्यावर आला होता. सणाच्या सुट्टीने कॉलेज तोवर बंद. गाडी त्याच कम्प्युटरात होती आणि अजून अर्धी होती. सरळ जात होती, वळत होती, पण दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या की चौकात गोंधळून उभी राहायची. सगळ्या सेन्सरना एकदम काळं दिसायचं आणि कुठं जायचं तेच कळेना. परीक्षक चौक घालणार, हे नक्की होतं. दोन दुपारी मिळाल्या असत्या तर जमलं असतं. न मिळाल्या तर पुन्हा सहा महिने, पुन्हा नाव घालणं, पुन्हा सगळ्यांना समजावणं. आणि पुढच्या वेळी समजावायला आपल्यात दम राहील का, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

जेवणं झाली. रोज या वेळेला रंगनाथ किल्ली खुळखुळवत पुढं निघायचे. आज ते गोठ्यात होते. कडबाकुट्टी चालू नव्हती, तरी तिच्या तोंडाशी कडब्याची पेंढी धरून उभे होते. शुभांगी गोठ्याच्या दारात आली तसं त्यांनी पेंढी खाली ठेवली.

"जेवलीस का?"

"नाही."

"आसं करू नये." थोडा वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिले. "त्येच्या तोंडाला काय लागायचं, पोरी? चेरमन हाय तो. चार दिसांनी इसरतोय बघ समदं."

"चार दिवसांनी माझी परीक्षा झालेली असेल मामा."

रंगनाथांनी गोठ्याबाहेर रस्त्याकडे बघितलं. मग कमरेची किल्ली सोडली आणि तिच्यापुढं धरली. आवाज खाली आला. "जा. बस दुपारची. मागल्या दारानं जा, अन् आतून कडी लाव. खिडकीबी लावून घे. कुनाला कळत न्हाई."

शुभांगी किल्लीकडे बघत राहिली. हात पुढं केला असता तर काम झालं असतं. चौक सुटला असता, सोमवारी गाडी चालली असती. आणि ती मात्र दार-खिडक्या लावून, चोरासारखी, अंधारात बसून शिकली असती, ज्या खुर्चीत गावासमोर उजेडात बसून ती गावाचं दूध मोजते त्याच खुर्चीत. सकाळपासून अंगात पेटलेलं सगळं एका जागी गोळा झालं, आणि नवल म्हणजे तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"कडी लावून कशाला बसू? मी काय केलंय?"

"आगं, तसं न्हाई..."

"वळणावर बैल आवरायचा, थांबवायचा नाही, हे मला कोणी शिकवलं?"

रंगनाथांनी खाली ठेवलेली पेंढी पायाने बाजूला सारली.

"तुम्ही शेजारी बसायचात मामा. तो खेळ नव्हता हे गावात एकट्या तुम्हाला माहीत आहे. आप्पा बोलले त्याचा मला राग आहे, पण त्यांना माहीतच नाही. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही झाकणं बघत राहिलात, आणि वर व्हय म्हणालात."

रंगनाथांचा किल्ली धरलेला हात हळूहळू खाली आला. आत छबूबाईंनी रेडिओ बंद केला असावा, कारण गाईच्या रवंथाचा आवाजही ऐकू यायला लागला.

"मग आता काय करू म्हनतीस?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच विचारत होते.

"किल्ली राहू द्या तुमच्याकडंच," शुभांगी म्हणाली. "संध्याकाळी दुधाला सगळे रांगेत उभे असतील, आप्पापण असतील. तेव्हा त्यांच्यासमोर एकदाच सांगा, की सूनबाई दुपारी परीक्षेचा अभ्यास करते, आणि तिला मीच बसवलंय. मला तेवढंच पाहिजे."